आत डॉक्टरांचं काम चाललंय

४ ऑगस्ट

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू घर सोडून गेल्यापासून माझ्या प्रकृतीने हाय खाल्ली आहे. हृदय अशक्त झालं असून मी फार दिवस काढीन असं डॉक्टरांना वाटत नाही. डोळे मिटण्यापूर्वी तुझं मुख एकदा पाहावं, एवढीच इच्छा उरली आहे. तुझ्या पतीने तुला अंतःकरणपूर्वक क्षमा केली आहे. तो आता पूर्वीचा राहिलेला नाही. माझ्या उशाशी बसून तुझंच नाव घेत असतो.

तुझा पत्ता कुणी सांगत नाही, म्हणून विद्यापीठाच्या मदत केंद्राच्या नावे हे पत्र धाडत आहे. तू कुठल्या इमारतीत, कुठल्या खोलीत राहतेस ते उलटटपाली कळव, म्हणजे तो तुला सन्मानाने घ्यायला येईल. झालं गेलं सारं विसरून जाऊ या.

तुझी मातृतुल्य,
सासूबाई


११ ऑगस्ट

ती. आईंना नमस्कार.

हे पत्र घरी न पाठवता शिलाईवाल्या मावशींच्या दुकानात पाठवते आहे. संध्याकाळी तुम्ही त्यांच्याकडे गप्पा मारायला जाता, तेव्हा त्या तुमच्या हातात देतील.

अक्षर तुमचं आहे, पण पत्र तुमचं वाटत नाही. पाच वर्षांत तुम्ही मला एकदाही लेक म्हणाला नाहीत. 'अगं ए' म्हणालात, 'ऐकू येत नाही का' म्हणालात, फारच खूश असलात तर सूनबाई म्हणालात. 'मातृतुल्य' हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला असता तर मीच डॉक्टर बोलावला असता. तुम्ही लिहीत होता आणि तुमचा मुलगा मागे उभा राहून सांगत होता, हो ना? माझ्या बहिणीला मी लिहिलेलं शेवटचं पत्रही त्यानेच असं सांगितलं होतं.

आजाराचं मात्र कळत नाही. खरोखर आजारी असाल तर कळवा. मी येणार नाही, पण मला कळायला हवं.

इथलं मदत केंद्र म्हणजे ग्रंथालयामागच्या दोन-तीन खोल्या आहेत. घरात, वसतिगृहात, कुठेही ज्यांच्यावर हात उगारला गेला त्यांच्यासाठी. तिथल्या समुपदेशक बाई माझ्याहून लहानच असतील. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "मला काही झालेलं नाही, मला फक्त राहायला जागा हवी आहे." त्या म्हणाल्या, "बरं, मग आधी जागाच बघू." बाकी काही विचारलं नाही. माझं टपाल त्यांच्याकडे येतं. वाचायचं आहे की ठेवून देऊ, असं त्या विचारतात. तुमचं पत्र मी आधी ठेवूनच दिलं होतं.

वाचलं आणि 'क्षमा' या शब्दावर अडले. कशाची क्षमा? वनस्पतिशास्त्राच्या प्रवेशाचं पत्र आलं, त्या दुपारी तो मला खाली त्याच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेला. आतल्या खोलीत मानेला धरून माझं तोंड बेसिनवर आपटलं. समोरचा दात अर्धा तुटला. एवढं तुम्हाला माहीत असेल. पुढचं मी पहिल्यांदा इथे सांगितलं आणि आता तुम्हाला सांगते. त्याने हात धुतले. हातमोजे घातले. मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर ओढला आणि तोच दात नीट करून दिला. "आ कर. आणखी. शाब्बास." काम करताना गुणगुणत होता. शेवटी आरसा हातात दिला आणि म्हणाला, "बघ, कळतसुद्धा नाही."

खरंच कळत नाही. रोज सकाळी मी दात घासते तेव्हा त्याच्या हातचं काम घासते. तोंडात दुसऱ्याची थुंकी धरून हिंडावं तसं वाटतं.

प्रकृतीचं तेवढं खरं कळवा.

सूनबाई


१९ ऑगस्ट

सूनबाईस आशीर्वाद.

मला काहीही झालेलं नाही. दोन वेळा जेवते, जिना चढते-उतरते. गुडघा दुखतो, तो तू असतानाही दुखायचाच.

हो, त्यानेच सांगितलं. 'मुख' लिही म्हणाला. मी म्हटलं, तोंड लिहिते, तर म्हणे, "आई, जरा भारदस्त असू दे." लिहिलं. आई आहे मी, पोरगं सांगतंय तर लिहिते, त्यात एवढं शोध लावण्यासारखं काय आहे? नंतर मी त्याला म्हटलं, अरे, मला जिवंतपणी मारायला का निघालास? तर हसला. म्हणाला, "खरीच गेलीस तर काम आणखी सोपं होईल." गंमत केली. त्याला गंमत छान जमते, पेशंट तोंडात कापूस असताना हसतात. मीही हसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि कशाला आले होते तेच आठवेना.

तुझंही चुकलं. घर सोडायचं तर तोंडावर सांगून सोडायचं. सकाळी उठून बघते तर तू नाहीस. पेशंट विचारतात, वहिनी कुठे? माहेरी गेलीय म्हणते. किती दिवस म्हणू? आणि गेलीस कशाला, तर शेवाळ शिकायला. आपल्या मागच्या भिंतीवर हातभर माजलंय, फुकट शिकली असतीस.

दाताचं म्हणशील, तर मला वाटलं तू पाय घसरून पडलीस. त्याने तसं सांगितलं होतं. मी समोरच्या खोलीत पेशंट सांभाळत होते, आतलं मला काय ठाऊक? एवढं आठवतं की रात्री तो पोटभर जेवला. दोनदा वाढून घेतलं. खाताना तसाच गुणगुणत होता. ते मात्र मला तेव्हाही कसंसंच वाटलं होतं.

पुन्हा लिहू नकोस. लिहिलंस तर मावशीकडेच लिही.

आई


३० ऑगस्ट

ती. आईंना नमस्कार.

तुमचा मुलगा इथे येऊन गेला. तो निघाला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, हे विचारत नाही.

आमच्या केंद्राला एक प्रमुख आहेत. काम सगळं समुपदेशक बाई करतात, पाटी प्रमुखांची. त्यांच्या खोलीत 'तुम्ही एकटे नाही' असं लिहिलेलं मोठं चित्र आहे. त्यांनी मला सहज भेटायला या म्हणून बोलावलं. कोण आलंय ते सांगितलं नाही. मी दार ढकललं, तर साहेब मान मागे टाकून, जबडा उघडून खुर्चीत पसरलेले, आणि तुमचा मुलगा मोबाइलचा दिवा धरून त्यांच्या तोंडात वाकलेला. "आ करा. आणखी. शाब्बास."

मी तशीच मागे फिरले. नळावर गेले आणि बोटाने दात घासत राहिले. हिरडीतून रक्त आलं तेव्हा थांबले.

नंतर साहेब मला शोधत आले. गाल चोळत म्हणाले, "अहो, तुमच्या यजमानांचा हात किती हलका आहे. बोट लावलेलंसुद्धा कळलं नाही. असा माणूस हात उगारेल?"

मी ओठावरचं रक्त पुसलं. ते बोलतच राहिले.

"हे बघा, घरगुती बाब आहे. आणि तिकडे त्यांच्या आई शेवटच्या घटका मोजताहेत. मी फोटो पाहिला. माणुसकी म्हणून तरी तुम्ही एकदा..."

फोटो त्यांनी स्वतःच्या फोनवर मागून घेतला होता. मला दाखवला. तुमच्या खोलीतला पलंग, गळ्यापर्यंत पांघरूण, डोळे मिटलेले. उशाशी सलाइनचा स्टँड. आई, तो स्टँड मी ओळखला. दवाखान्यातला, ज्यावर तुम्ही ओले टॉवेल वाळत घालता. बाटलीची नळी पांघरुणाखाली नेऊन सोडून दिली होती.

माणुसकी म्हणून साहेबांनी त्याला माझी इमारतही सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फाटकाशी उभा होता, माझा स्वेटर घेऊन. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना सांगत होता, "तिला थंडी सोसत नाही हो, एवढा पोचवाल का?" एक मुलगी स्वेटर घेऊन धावत वर आली. तिचा चेहरा असा, की मी किती नशीबवान. समुपदेशक बाई आल्या आणि फाटकात त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. फार बारीक चणीच्या आहेत त्या. तो हसून निघून गेला. त्याच संध्याकाळी माझी खोली बदलली.

त्याला विद्यापीठाच्या आवारात यायला बंदी करावी म्हणून बाईंनी अर्ज केला आहे. समितीची बैठक वीस सप्टेंबरला. समितीवर प्रमुखही आहेतच.

मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. दोन ओळी लिहून द्या, की मी ठणठणीत आहे आणि फोटो खोटा आहे. दाताबद्दल काही लिहू नका. फक्त तुम्ही जिवंत आहात एवढं लिहा.

सूनबाई


८ सप्टेंबर

सूनबाईस आशीर्वाद.

फोटोत माझं तोंड उघडं होतं का? खरं सांग. दुपारी मी तोंड उघडं टाकून झोपते हे मला तुझ्याकडूनच कळलं होतं, आणि त्यावरून मी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

मला काही म्हणजे काही कळलं नाही. त्या स्टँडचं एक चाक कुरकुरतं. म्हणजे त्याने तो उचलून आणला असणार, मला जाग येऊ नये म्हणून. बाटली टांगली असेल. पांघरूण घातलं असेल, कारण मी घामाघूम होऊन उठले आणि बघते तर गळ्यापर्यंत पांघरूण. मला वाटलं, पोराने येऊन घातलं. किती दिवसांनी घातलं. बरं वाटलं होतं मला. सूनबाई, मला दिवसभर बरं वाटत होतं.

तुझं पत्र वाचल्यापासून त्याचे हात बघवत नाहीत. किती स्वच्छ असतात. जेवायला बसला की मी भिंतीकडे बघते. काल जाताजाता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला तर अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पोटच्या पोराची किळस येते, हे कुणाला सांगू? मावशीलाही बोलले नाही. तुला लिहिते, तुला तरी यात नवं काही नसेल.

पण लिहून देणार नाही. मी कुठे जाऊ? घर त्याच्या नावावर केलंय, मीच सही केली. आईने मुलाविरुद्ध लिहून दिलं म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तू तरुण आहेस. तुला खोली मिळाली, बाई मिळाली. मला या वयात कोण खोली देणार? तुमच्या केंद्रात आयांसाठी काही सोय आहे का? नसणार.

पुन्हा मागू नकोस.

आई


१२ सप्टेंबर

ती. आई,

तोंड उघडं होतं.

नाही म्हणालात, ठीक आहे. नकाराचा मला राग नाही. मी पाय घसरून पडले असं तुम्हाला वाटलं म्हणता, त्याचा आहे. मी त्या खुर्चीत होते तेव्हा दार पुरतं लागलेलं नव्हतं. बाहेर एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांनी विचारलं, "आत कुणी रडतंय का?" आणि तुमचा आवाज आला, "बसा, आत डॉक्टरांचं काम चाललंय." रोजच्यासारखा आवाज. मग म्हणालात, तोवर मासिक चाळा.

त्याच्या हातांची किळस येते म्हणता. मला तुमच्या त्या आवाजाची येते. हे लिहिताना वाईट वाटायला हवं होतं, वाटत नाही.

बैठकीला मला वेगळ्या खोलीत बसवणार आहेत, त्याच्यासमोर नाही, एवढं बाईंनी भांडून मिळवलं. प्रमुख त्यांना म्हणाले, "डॉक्टरांकडे आईच्या आजारपणाचा फोटो आहे. या बाईंकडे काय आहे? दात तर अख्खा दिसतोय."

मी आता लिहिणार नाही. तुम्हाला काही झालेलं नाही, ते तसंच राहू दे.

सूनबाई


२३ सप्टेंबर

सूनबाई,

तू लिहिणार नव्हतीस, म्हणून मी लिहिते. मी शिलाईवाल्या मावशीकडे आहे. दुकानामागे तिची एक खोली आहे, तिथे कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये माझी खाट बसते. घरी जाणार नाही. तुला कुणी काय सांगितलं असेल ठाऊक नाही, म्हणून मुळापासून सांगते.

तुझं पत्र वाचून मी चिडले. फाडून टाकलं. मावशीने विचारलं काय झालं, तर म्हटलं, उर्मट आहे मेली. मग दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात एक गृहस्थ आले, गालाला रुमाल लावून. कुठून आलात विचारलं, तर म्हणे विद्यापीठ, मदत केंद्राचा प्रमुख. डॉक्टरांनी मुद्दाम बोलावलंय, फी नको म्हणालेत. बसले. मग माझ्याकडे वाकून, आवाज खाली आणून विचारतात, "डॉक्टरांच्या आईंचं कसं आहे हो आता? फारच नाजूक आहे म्हणे."

माझा फोटो फोनमध्ये घेऊन फिरणारा माणूस, आणि मला ओळखलं नाही. म्हटलं, "आहे तशीच."

"देवमाणूस आहे तुमचा डॉक्टर. आईचं एवढं करतो आणि बायको बघा ही अशी."

आतून यंत्राची घरघर सुरू झाली. ते म्हणाले, वेळ लागेल का? आणि माझं ते वाक्य तोंडात आलं. दिवसातून कितीदा म्हणते, कधी ध्यानातही येत नाही. 'बसा, आत' एवढं म्हटलं आणि पुढचं म्हटलं नाही. मी उठले, मागच्या अंगणात गेले आणि भिंतीला धरून ओकले. परत येऊन बघते तर ते गृहस्थ मासिक चाळत होते.

वीस तारखेला त्याला सांगितलं, मावशीबरोबर कापड आणायला जाते. बसने आलो. मावशी वाटेत एक शब्द बोलली नाही, ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. शिपायाने आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. तुझी समुपदेशक बाई आली. म्हणाली, "आपण?"

म्हटलं, "शेवटच्या घटका मोजणारी सासू."

ती हसली नाही. पाणी आणून दिलं. म्हणाली, "आत जायलाच हवं असं नाही. इथपर्यंत येऊनही परत जाता येतं. तुम्ही परत गेलात तर मी कुणाला सांगणार नाही." असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळेच बहुतेक उठले.

दार उघडं होतं आणि त्याचा आवाज येत होता. किती गोड आवाज आहे गं त्याचा. म्हणत होता, "आई आता कुणाला ओळखत नाही. फक्त सुनेला हाक मारते."

मी आत गेले. टेबलाशी तिघं होती, तुझे ते प्रमुख, कायदा शिकवणाऱ्या एक बाई आणि वसतिगृहाचे अधीक्षक. प्रमुख मला बघून म्हणाले, "अहो, तुम्ही तर दवाखान्यातल्या बाई. डॉक्टरांना काही निरोप आहे का?"

"निरोप नाही," मी म्हटलं. "याची आई मीच. मी सगळ्यांना ओळखते. यालाही ओळखते."

कायद्याच्या बाईंनी स्वतःची खुर्ची मला दिली. मी सांगितलं. तू लिहिलंस ते नाही, मला स्वतःला ठाऊक होतं तेवढंच. आतून आपटल्याचा आवाज आला तो. तो बाहेर डोकावून म्हणाला, "आई, कुणाला आत सोडू नकोस," ते. आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी काय म्हटलं ते. ते सांगताना मला मान वर करता आली नाही.

तो चिडला नाही. हसला. "आईचं वय झालंय. तिचा गोंधळ होतो. तिला समोर कोण आहे ते कळतं, पण मागचं आठवत नाही."

कायद्याच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मघाशी म्हणालात त्या कुणाला ओळखत नाहीत. आम्ही नक्की काय धरून चालायचं?" प्रमुख रुमालाने गाल दाबून खिडकीबाहेर बघत होते.

बाहेर पडले तर व्हरांड्यात त्याने मला गाठलं. माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. अगदी हळू म्हणाला, "घरी चल, आई. बोलू आपण."

सूनबाई, मी जिथल्या तिथे उभी राहिले. तो मोठ्याने बोलला असता तर मी दोन शिव्या घातल्या असत्या. 'बोलू आपण' म्हणाला आणि मला कळलं, की हे मी भिंतीपलीकडून पाच वर्षं ऐकत होते आणि मला वाटायचं, चला, समजूत घालतोय. मावशीने माझा दंड धरला. म्हणाली, "आमची बस आहे." आणि ओढत नेलं मला.

तू कुठल्या खोलीत होतीस ते मी विचारलं नाही. माफीसाठी हे लिहिलेलं नाही. काय झालं ते तुला कळावं, म्हणून लिहिलं.

आई


२ ऑक्टोबर

आई,

मी त्याच भिंतीच्या पलीकडे होते. मला काही ऐकू आलं नाही. बाईंनी नंतर येऊन सांगितलं तेव्हा मी विचारलं, "त्या जेवल्या होत्या का?" असं का विचारलं, कोण जाणे.

निकाल आला. त्याला आवारात यायला बंदी. कारण काय लिहिलंय वाचा: 'उभय पक्षांतील कौटुंबिक गैरसमज वाढू नयेत या हेतूने.' गैरसमज. कायद्याच्या बाईंनी खाली वेगळं मत लिहून सही केली आहे, म्हणून निदान कागद उघडला की दुर्गंधीबरोबर थोडी हवाही येते.

प्रमुखांना काढलेलं नाही. कामाचा ताण फार होतो म्हणून त्यांना क्रीडा विभाग दिला. केंद्रात निरोप समारंभ झाला. पीडितांप्रती त्यांच्या संवेदनशीलतेवर भाषणं झाली, मानपत्र दिलं. त्यांनी उत्तरादाखल सांगितलं, की ऐकून घेणं हेच खरं औषध. मी मागच्या रांगेत होते. माझ्या शेजारच्या मुलीने, जिला तिच्या मित्राने जिन्यावरून ढकललं होतं तिने, टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, का वाजवतेस? म्हणाली, "सगळे बघताहेत."

कायद्याच्या बाईंबरोबर जाऊन मी पोलिसांत तक्रार दिली. इथल्या एका दंतवैद्य बाईंनी दात तपासून, तो कसा तुटला असेल ते लिहून दिलं. मग मी त्यांना म्हटलं, त्याने बसवलंय ते काढून टाका. त्यांनी दुसरं बसवू का विचारलं. म्हटलं, थोडे दिवस काहीच नको. आता समोर अर्धा दात आहे. बोलताना शीळ वाजते. वर्गात मी शेवाळाचं शास्त्रीय नाव घेतलं की मुलं हसतात. मला चालतं. तोंड माझं झालं.

तुम्ही आलात, त्याबद्दल मला काय वाटतं ते अजून समजत नाही. मधूनच भरून येतं. मग 'मासिक चाळा' आठवतं आणि ओसरतं. खोटं लिहायचं नाही, म्हणून सांगितलं.

सूनबाई


१४ ऑक्टोबर

सूनबाई,

खोटं लिहू नकोसच. खोट्याने माझं पोट भरलंय.

तो काल दुकानात आला होता. पोलिसांनी दोनदा बोलावलं त्याला. दवाखाना चालूच आहे, गर्दीही तशीच. काउंटरवर आता कुणी मुलगी ठेवलीय. येताना फळांची पिशवी घेऊन आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या पायाशी बसला. डोळ्यांत पाणी. "आई, तुझं काय वाईट केलं मी?" एक बाई माप द्यायला आली होती, तिचेही डोळे भरले. मला म्हणते, "असा मुलगा पायाशी येतो आणि तुम्हाला पाझर फुटत नाही? कसली आई तुम्ही."

मी त्याच्याकडे बघत होते. रडताना तो मधूनच त्या बाईकडे बघत होता, नीट लागू पडतंय ना ते. मी पाहिलं. पूर्वीही दिसत असणार, मी पाहिलं नसेल.

मावशीने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टर, कापडावर बसलायत, उठा." तो उठला. पँट झटकली. जाताना हसला. फळं मावशीने गटाराशी नेऊन टाकली, मी म्हटलं निदान कुणाला देऊन टाकायची, तर म्हणाली, कुणाच्या पोटात नको जायला.

इथपर्यंत ठीक. पुढचं कुणाला सांगता येत नाही. तो गेल्यावर मला शिसारी आली, पायाला त्याचा हात लागला होता तिथे मी साबणाने धुतलं. आणि धुता धुता मनात आलं, वाळलाय. जेवतो की नाही कोण जाणे. दोन्ही एकदम आलं. तेव्हापासून जात नाही. त्याची किळस येते, आणि त्याने काही खाल्लं असेल का याचाही घोर लागतो, म्हणून मग स्वतःचीच किळस येते. त्याला मी वाढवलं. कुठे काय झालं ते शोधत बसते, तर लहानपणचा तो आठवतो आणि त्यात काही सापडत नाही. मावशीला सांगितलं तर ती चिडेल. तुला सांगणं तर बेशरमपणाच आहे, ठाऊक आहे मला.

म्हणून तुला नाही, तुझ्या त्या बाईला विचारायचं आहे. जिच्या पोराने हे केलं, तिला तुमच्या केंद्रात बसायला जागा असते का? नसली तर नसली. मावशीकडे कापडाच्या गठ्ठ्यांत जागा आहेच.

आई


१९ ऑक्टोबर

आई,

पत्र बाईंना वाचायला दिलं. तुम्ही त्यांनाच विचारलं होतं, म्हणून. त्यांनी दोनदा वाचलं. मग नियमांचं पुस्तक काढून मला दाखवलं: सेवा विद्यार्थी व कर्मचारी यांच्यापुरती. तुम्ही दोन्हींत बसत नाही.

मी म्हटलं, "तसं कळवते."

त्या म्हणाल्या, "तसंच कळवा. आणि हेही कळवा, की मंगळवारी दुपारी माझ्याकडे कुणाची वेळ नसते. तेव्हा माझ्यासमोरच्या खुर्चीत कोण बसलं, ते मी कुठे लिहीत नाही."

तेव्हा मंगळवारी या. बसथांब्यावर उतरलात की फाटकाशी विचारू नका, तिथे नाव लिहून घेतात. डाव्या हाताची वाट धरा. ग्रंथालयाला वळसा घातला की एक ओली भिंत लागते, तिच्यावर सबंध शेवाळ आहे. माझा बहुतेक वेळ तिथेच जातो. मी तिथे उभी असेन. तुम्हाला दारापर्यंत सोडेन.

आत येणार नाही. आत तुम्ही त्याच्यासाठी रडाल, ते तुम्ही रडा. बाहेर आल्यावर ते मला सांगू नका, मला ते अजून ऐकवणार नाही. मी भिंतीशी काम करत थांबेन आणि नंतर तुम्हाला बसमध्ये बसवून देईन.

सूनबाई